दोन खऱ्या, एक थाप

१२ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे तुझ्या बायकोला दे. तुझ्याबरोबर संसार करायचा म्हणजे तिला जास्त लागत असणार.

मी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरचेच झाले. तू परवा दोनदा फोन केलास असं शेजारीण म्हणाली. माझ्या फोनमध्ये नुसती खरखर येते रे, म्हणून मी तो उचलत नाही. तू आपलं पत्रच लिहीत जा. तुझं अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी मला वाचता येतं.

आमच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीचा समाचार विचारतोस, तर सध्या चंगळ आहे. लोक बसमध्ये काय काय विसरतात आणि आगारात मला काय काय सांभाळावं लागतं, याच्यावर मी निवृत्त झाल्यावर व्याख्यानं देणार आहे. या आठवड्यात एक छत्री आली, तिच्या मुठीत बॅटरी आहे. पावसात आणि अंधारात एकदम चालायची सोय. एक काठी आली, ती मधोमध उघडली की बसायचं स्टूल होतं. मी तिच्यावर बसूनच चहा प्यायले. गोळ्यांची एक डबी आली, तिला आतून घड्याळ आहे आणि औषधाची वेळ झाली की ती ओरडते. माझ्या टेबलावर ती सकाळभर कोकलत होती म्हणे. वरच्या मजल्यावरून साहेब खाली आले तेव्हा मला कळलं. मी कपाटामागे होते ना.

आणि एक कवळी आली. वरची. मालक स्वतः न्यायला आले, पण तोंडात दात नाहीत, त्यामुळे ते काय म्हणतात ते मला काही केल्या समजेना. मी त्यांना मोजे दाखवले, मग चष्मा दाखवला. शेवटी त्यांनी आ वासून बोट दाखवलं. दात नसलेल्या माणसाचं बोलणं कळलं नाही तर त्यात माझा काय दोष? पण दुसऱ्याच दिवशी एका बाईने छत्री मागितली आणि मी तिला कात्री काढून दिली. तिला तर बत्तीसच्या बत्तीस दात होते. हल्ली लोक बोलतातच तोंडातल्या तोंडात. आमच्या साहेबांनी मिशा वाढवल्यापासून त्यांचंही बोलणं समजेनासं झालंय. परवा ते काहीतरी विचारत होते आणि मी आपली मान डोलावत होते. नंतर समजलं की मी वार्षिक साफसफाईला एकटीने होकार दिलाय.

याच साहेबांना मी आपला खेळ सांगितला. म्हटलं, आमची आई जेवायला बसलं की प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायला लावायची, दोन खऱ्या आणि एक थाप, आणि जो थाप ओळखेल त्याची त्या दिवशी भांडी घासण्यातून सुटका. आणि म्हटलं, आम्ही बहीणभाऊ केस पिकले तरी पत्रातून अजून खेळतो. साहेब मिशीत हसले. निदान मला तसं वाटलं.

तुला एक सहज विचारते. दाराची घंटी दाबली की घंटी वाजण्याऐवजी दिवा लागेल असं काही करता येतं का? उगीच, दिसायला छान दिसेल म्हणून.

हो, तुझी डबी मिळाली. केवढीशी आहे ती! बटण दाबलं की आई. एवढ्या जुन्या कॅसेटवरून तू तिचा आवाज काढून त्यात भरलास, तुझ्या हातांना काय म्हणावं! हुबेहूब आहे. चिठ्ठीत तू विचारलंस, 'आईची थाप कोणती ते ओळख.' मला वाटतं, तिसरी. छान केलीस हो डबी.

आता माझ्या तीन:

एक. रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांत असतात.

दोन. गजराची घड्याळं नव्हती तेव्हा लोक मेणबत्तीत खिळा खोचून झोपायचे. मेण वितळत तिथवर आलं की खिळा खालच्या ताटलीत पडायचा आणि त्या आवाजाने जाग यायची.

तीन. माझा उजवा कान पार गेला आहे आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला आहे.

ओळख, नाहीतर भांडी घास.

तुझी
ताई

•

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. रागात असूनही पूर्ण साष्टांग घातलाय, याची नोंद घे.

आधी खेळाचं. तिसरी! इतकी सोपी थाप तू गेल्या कित्येक वर्षांत मारली नव्हतीस. तुझे कान गेले म्हणे! अगं, मी शेजारच्या अंगणात बोरं खाऊन आलो तर दाराबाहेर बी थुंकल्याचा आवाज तुला आत ऐकू यायचा आणि मग मला मार बसायचा. घरात तुझ्या कानांना सगळे वचकून होते. भांड्यांतून मी सुटलो.

रातकिड्याचं खरं आहे, ते मी दुकानात रेडिओ दुरुस्तीला टाकायला येणाऱ्या मास्तरांना विचारून घेतलं. मेणबत्तीचं मात्र स्वतः करून पाहिलं. दुपारी जेवून झोपताना उशाशी ताटली ठेवली, मेणबत्ती लावली, खिळा खोचला. खिळा पडला, आतल्या खोलीतली बायको दचकून उठली, मी घोरत राहिलो. मेणबत्ती पुढे टेबलक्लॉथपर्यंत गेली. तेव्हापासून घरात वातावरण गरम आहे, पण तो वेगळा विषय.

आता रागाचं. ताई, डबीत तीन गोष्टी नाहीतच. आई पहिली सांगते, फुलपाखराची. मग दुसरी सांगते, ती तर मला अजून हसवते. ती ऐकून तू आणि मी असे काही खिदळत सुटतो की आई 'आणि तीन' म्हणते त्याच्या पुढचं काही ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात टेप संपते. मग तू 'तिसरी' कुठून आणलीस?

म्हणजे तू ती लावलीच नाहीस. 'हुबेहूब आहे' असं न ऐकताच ठोकून दिलंस. त्या कॅसेटची फीत चुरगळली होती, मी ती इस्त्री केल्यासारखी बोटांनी सरळ केली. खरखर काढायला दुकान बंद झाल्यावर बसायचो. कुणासाठी? आईचा आवाज आपल्या दोघांखेरीज या जगात कुणाला हवाय? तुला वेळ नसेल तर तसं सांगायचं. फोन उचलायचा नाही, डबी ऐकायची नाही, आणि वर 'छान केलीस हो' म्हणून पाठ थोपटायची. तू अगदी आईवर गेलीस. तीही शेवटी शेवटी कुणाचं ऐकत नसे.

असो. मोठ्या बहिणीला जास्त बोलू नये.

आईचा रेडिओ मी दुरुस्त करून दुकानात ठेवलाय, विकायला नाही. संध्याकाळी त्याच्यावर डोकं टेकून ती झोपायची, आठवतं? डोकं टेकून टेकून एका बाजूचं पॉलिश गेलंय, तेवढा भाग मी तसाच ठेवलाय. बाकी सगळा चकाचक केला.

दिव्याची घंटी करता येईल. पण दिसायला छान म्हणून घंटी कोण बदलतं? तुला काय हवंय ते तुलाच ठाऊक.

तुझा, सध्या रुसलेला,
खटपट्या

•

२ मार्च

माझ्या लाडक्या खटपट्या,

आशीर्वाद सगळेच्या सगळे आज तुलाच. बायकोला पुढच्या वेळी देईन.

तुझं पत्र मी आगारातच उघडलं. 'तिसरी! इतकी सोपी थाप' वाचून आधी इतकी हसले की समोर पिशवी शोधायला आलेला माणूस घाबरून मागे सरला. मग मी कपाटामागे गेले आणि रडले. या वेळी खरंच कपाटामागे होते.

अरे वेड्या, मी नियम मोडला. तिन्ही खऱ्या होत्या.

मला तुला सरळ सांगता येईना. तुझ्या डोक्यातली ताई म्हणजे बी थुंकल्याचं ऐकणारी. तिला मी कशी मारून टाकू? म्हटलं, खेळात सांगून बघू. तू ओळखलंस की नियम मोडलाय, तर विचारशील. नाही ओळखलंस तर तेवढे दिवस माझे कान शाबूत राहतील, निदान तुझ्या गावी. तू नाही ओळखलंस. तुझी चूक नाही. नियम पाळणाऱ्याशी मी खेळले आणि स्वतः लबाडी केली.

फोनमध्ये खरखर नाही. फोन चांगला आहे. साहेबांच्या मिशांचाही काही गुन्हा नाही. मी लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखते, आणि मिशी खाली आली की माझी पंचाईत होते. छत्री आणि कात्री म्हणताना ओठ फार वेगळे हलत नाहीत, आरशासमोर करून बघ. कवळीवाल्या आजोबांचे तर ओठच जागेवर नव्हते. आणि दारात शेजारीण घंटी दाबून दाबून दमते म्हणून दिवा हवा होता, शोभेसाठी नव्हे.

डबीचं. तुला माझी शपथ, मी ती लावली होती. हातात आल्याबरोबर लावली. बटण दाबलं, कानाशी धरली, या कानाला, त्या कानाला. काही नाही. डबी हातात नुसती थरथरत होती, तळहातावर धरलेल्या भुंग्यासारखी. आई माझ्या मुठीत बोलत होती आणि मला ती ऐकू येत नव्हती. मग तुला काय लिहू? 'हुबेहूब' लिहिलं. आणि थाप तिसरी म्हटलं, कारण आपल्या खेळात तीन असतातच, आणि माझी तिसरीच होती. फसले.

तू रागावलास ते बरं झालं. 'तू ऐकलीच नाहीस' हे मला सहन होईना. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी कानाच्या डॉक्टरकडे गेले. इतके दिवस टाळत होते. तरुण आहे, दाढीमिशा नाहीत, देवमाणूस. प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचा आणि मग माझ्या तोंडाकडे बघत थांबायचा. त्याने चिमट्यासारखा दोन पायांचा एक काटा काढला, टेबलावर आपटला आणि कानासमोर धरला. शुकशुकाट. मग त्याच काट्याचं बूड त्याने माझ्या कानामागच्या हाडावर टेकवलं, आणि खटपट्या, माझ्या डोक्यात घंटा वाजली! मी खुर्चीतच 'अगं बाई!' म्हणून ओरडले.

झालंय ते असं. कानाच्या आत एक हाड असतं, शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तांदळाच्या दाण्याहून लहान. आकार अगदी घोड्याच्या रिकिबीसारखा. ते सतत हलत असतं आणि आवाज पुढे ढकलतं. माझ्या दोन्ही कानांतली ही हाडं आखडून बसली आहेत. आवाज दारापर्यंत येतो, पण दाराची कडी गंजलेली. मात्र आतलं घर बऱ्यापैकी शाबूत आहे. म्हणून कवटीच्या हाडातून आवाज पाठवला तर तो मागच्या दाराने आत जातो.

हे ऐकल्यावर मी घरी आले ती चपला न काढता स्वयंपाकघरात गेले. डबीचं झाकण काढलं. ओरडू नकोस, स्क्रू सगळे वाटीत ठेवलेत. आतल्या थरथरणाऱ्या चकतीला लाकडी उलथन्याचं एक टोक टेकवलं, दुसरं टोक दातांत घट्ट धरलं, आणि बटण दाबलं.

आई बोलली.

लांबून, विहिरीतून बोलावी तशी, पण आईच. मी उलथनं दातांत धरून, लाळ गळत, पुन्हा पुन्हा बटण दाबत बसले होते. शेजारीण खिडकीतून डोकावली तर माझं हे ध्यान. तिला वाटलं मला झटका आला. मी दातांतलं उलथनं न काढता तिला हाताने 'जा जा' केलं.

आता तू बस. बायकोला शेजारी बसव.

आई म्हणते, 'एक, फुलपाखराला चव पायांनी कळते. दोन, मला कित्येक वर्षं तुमचं बोलणं ऐकू येत नाही. मी नुसती तोंडं बघते आणि मान डोलावते.' आणि आपण दोघं हसतो. तू 'थाप! थाप!' म्हणून ओरडतोस आणि मी तुझ्याहून मोठ्याने. तिचं 'आणि तीन' आपल्याच हसण्यात बुडून जातं. बिचारीला आपलं हसणंही दिसलंच असेल फक्त.

डॉक्टर म्हणाला, हे घराण्यातून येतं. घरात आधी कुणाला होतं का? मी म्हणाले, आमच्या आईला असं काही नव्हतं, ती नुसती हट्टी होती, कुणाचं ऐकत नसे. म्हणाले आणि तिथेच थांबले. 'ऐकत नाही.' आपण हे किती वेळा म्हटलं रे? तूही परवा मला लिहिलंस. आपल्या भाषेत ऐकू न येणाऱ्यालाही तेच आणि हट्टी माणसालाही तेच. कुणाला शोधावंसंच वाटलं नाही, यातलं कोणतं ते.

आणि रेडिओ. ती झोपायची नाही रे. डोकं टेकून ती ऐकायची. त्या लाकडातून. जिथलं पॉलिश गेलंय तिथून गाणी तिच्या डोक्यात शिरायची. तिला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, तिचं तिने शोधून काढलं होतं. आपण काय करायचो, तर आई झोपली म्हणून हळूच जाऊन रेडिओ बंद करायचो. आणि ती दचकून डोळे उघडायची.

वाईट वाटून घेऊ नकोस. मी घेतलं, आपल्या दोघांच्या वाटचं घेतलं, पुरे झालं. तिने आपल्याला सांगितलं होतं, आपल्या घरात जसं सांगायचं तसंच. तुला सांगू, मला तिचा राग नाही आला, आपलाही नाही आला. मला तिच्याशी हसावंसं वाटलं. मीही नेमकं तेच केलं, तिचं काही ऐकलेलं नसताना. एवढी कशी मी तिच्यावर गेले?

आणि बघ हं, मी नुसता अंदाज ठोकला होता, पण चुकले नाही. दोन खऱ्या, एक थाप. फुलपाखराची खरी. कानाची खरी. म्हणजे आईची थाप तिसरीच होती. भांडी तू घासायचीस.

एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडलेली नाही. उशाशी ताटलीत खिळा पडतो, आतल्या खोलीतली बायको उठते आणि तू घोरत राहतोस, ही गंमत नाही. तुझं सगळं दुकान कानावर चालतं. उद्याच्या उद्या कान दाखवून ये. हट्ट करू नकोस. ऐक माझं, दोन्ही अर्थांनी.

माझ्या कानाचं ऑपरेशन होऊ शकतं. ते आखडलेलं हाड काढून त्या जागी एक इवलीशी दांडी बसवतात, मुंगीच्या कुबडीएवढी. आयुष्यभर लोकांच्या विसरलेल्या चमत्कारिक वस्तू सांभाळल्या, आता त्यातली सगळ्यात चतुर वस्तू माझ्याच डोक्यात बसायची आहे. ती मात्र मी बसमध्ये विसरू शकणार नाही. बहुतेकांना बरं ऐकू येऊ लागतं. क्वचित कुणाचं उरलंसुरलंही जातं, हेही डॉक्टरने लिहून दाखवलं. आधी उजवा करायचा.

येताना आईचा रेडिओ आणशील? येणार असलास तर. मला त्या पॉलिश गेलेल्या जागेवर एकदा डोकं टेकायचं आहे.

आता माझ्या तीन. या वेळी नियमाने, आईची शपथ.

एक. सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात. तो जबडा जमिनीला टेकतो आणि हाडातून पावलं ओळखतो.

दोन. पंचवीस तारखेच्या सकाळी माझं ऑपरेशन ठरलं आहे आणि मी कागदावर सही केली आहे.

तीन. मला मुळीच भीती वाटत नाही, त्या दिवशी तू आला नाहीस तरी चालेल.

थाप कोणती ते पत्राने कळवू नकोस. येऊन सांग, माझ्यासमोर बसून, तोंड माझ्याकडे करून.

तुझी वाट ऐकणारी,
ताई